मुंग्या येणारा दिवा

…आणि वर हे मलाच विचारतात, "दिवा लागतोय ना? मग झालं!" आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा! आमच्याकडे बटण दाबलं की चर्र आवाज येतो. दिवा लागतोय ना? मग झालं! बोर्ड हाताला गरम लागतो. लागतोय ना दिवा?… वायरिंग आमच्या ह्यांच्याहून वयाने मोठं, त्यामुळे त्याला उलट बोलायची कुणाची टाप नाही.

तर तुम्हाला सांगते, मी एक पितळी दिवा आणला. जेवणाच्या टेबलावर टांगायचा. किती वर्षं मनात होता माझ्या! आणला, आणि ह्यांनी स्वतः चढून लावला, कारण "एवढ्याशा कामाला वायरमन कशाला?" दिव्यातून तीन वायरी निघाल्या, छतातून दोनच. आता एखादा माणूस थांबेल, विचार करेल… छे हो! तिसरी हिरवी वायर ह्यांनी छताच्या हुकाला गुंडाळली आणि खाली उतरून मला समजावलं, "हे बघ, हूक स्लॅबमध्ये, स्लॅब भिंतीवर, भिंत पायावर, पाया जमिनीत. झालं अर्थिंग!" आणि मी, अहो मी बाई चक्क मान डोलावली! दिवा लागला होता ना. मग झालं!

मग काही दिवसांनी सासूबाईंच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. सासूबाई म्हणजे हातात ओलं फडकं असल्याशिवाय ज्यांना करमत नाही अशा. त्यात तो दिवा पितळेचा! रोज लाकडी स्टुलावर चढायच्या आणि दिवा चालू ठेवूनच पुसायच्या, कारण "धूळ दिसायला नको का गं?" आणि उतरल्या की, "हात कसा झिणझिणतोय बाई!" नेलं डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "वयाप्रमाणे होतं असं." गोळ्या दिल्या. मी तेल चोळून दिलं. हे म्हणाले, "आई, तू पंख्याखाली झोपतेस ना, त्यानेच." सगळ्यांनी सगळी कारणं काढली. छताकडे मात्र एकानेही मान वर करून बघितलं नाही!

मग एक दिवस त्यांचे गुडघे धरले, म्हणून मी चढले पुसायला. आणि आल्या की हो मला मुंग्या! बोटापासून पार कोपरापर्यंत! आता मी काय केलं असेल? दिवा बंद केला? नाही. खाली उतरले, म्हटलं, आलं बाई म्हातारपण, आणि सासूबाईंच्याच डबीतली एक गोळी घेतली! दुसऱ्या दिवशी स्टुलाशिवायच, टाचा उंचावून परत पुसायला गेले, तेव्हा असा झटका बसला की फडकं एकीकडे, मी एकीकडे. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात… असो.

वायरमन आला तो कुणी गेल्यासारखं तोंड करूनच आला. स्टुलावर चढला, टेस्टर पितळेला लावला. टेस्टर पेटला! "हे कुणी जोडलंय?" आम्ही सगळे भिंतीकडे बघायला लागलो. आमचे हे मात्र अभिमानाने, "त्याचं काय आहे, हूक स्लॅबमध्ये, स्लॅब भिंतीवर…" त्याने हात जोडले. म्हणाला, "साहेब, या घरात प्लगांना अर्थिंग आहे, दिव्यांना नाहीच. घर बांधलं तेव्हा छताला प्लास्टिकचा होल्डर आणि त्यात बल्ब असायचा, चालून जायचं. तुम्ही टांगलंत पितळ, आत वायर सोललेली, सगळा करंट पितळेच्या अंगावर! आजी लाकडी स्टुलावर होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं. ओल्या फरशीवर उभं राहून हात लावला असता तर…"

मी सासूबाईंच्या हाताकडे बघितलं. हे खुर्चीत बसले ते बसलेच. तेवढ्यात सासूबाईंनी त्याला विचारलं, "पण दिवा तर लागतोय ना रे?"

दोन वाटा होत्या. एक म्हणजे बोर्डापासून सगळ्या दिव्यांना नवी तिसरी वायर, म्हणजे नुकत्याच रंगवलेल्या भिंती फोडा! ह्यांनी भिंतींकडे असं बघितलं, जशी लेक सासरी निघालीय. दुसरी वाट, करंट गळला की आपोआप पडणारं बटण बोर्डावर बसवा, आणि दिवा लावा प्लास्टिकचा, ज्याला अर्थिंग लागतच नाही. बसवलं बटण. लावला प्लास्टिकचा. अगदी उलटी टांगलेली बादली! माझा पितळी दिवा गेला माळ्यावर. जाऊ दे. घरातलं माणूस धडधाकट आहे, पितळ काय घेऊन बसलात?

काल सासूबाई त्या बादलीवरून फडकं फिरवून खाली उतरल्या. मी घाबरत घाबरत विचारलं, "आई, हात बरा आहे ना आता?"

"बरा आहे गं," त्या म्हणाल्या, "पण याला पुसण्यात काही मजा नाही बघ. त्या आधीच्याला हात लावला की कशी अंगात तरतरी यायची!"

म्हटलं, बसा आई. चहा टाकते.