भाडं मागायला गेले तेव्हा

भाडं मागावं कसं, ते मला विचारा. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही कर्ज काढून एक खोली बांधली अन् कचेरीतल्या कारकुनाला दिली. भाड्यातूनच हप्ता फेडायचा होता. दुष्काळात त्याचं भाडं दोन महिने थकलं. हे म्हणाले, "तूच जा. मला लाज वाटायलीय."

मी गेले अन् त्याच्या बायकोला हळूच म्हणाले, "तेवढं भाडं मिळालं असतं तर..."

तिला ऐकू आलं भांडं. "भांडंभर पाण्यानं काय होतंय? घागरच न्या," म्हणत टँकरवरून नुकतीच आणलेली भरली घागर तिनं माझ्या कमरेवर ठेवली. मी तशीच ती घेऊन निघाले.

घरी यांनी विचारलं, "दिलं का?"

"काठोकाठ."

हे तांब्याभर पाणी पिले, मग म्हणाले, "पुढल्या महिन्यातबी तूच जा."