बीपीचं औषध

नको, मुकुंदराव, ती गोळी खिशातच राहू द्या — गुडघा दुखतो, जिना चढताना तुम्ही बघितलंच, पण दुखण्याची गोळी मला चालत नाही. दुसरं एक औषध चालू आहे, त्याच्याशी तिचं जमत नाही. कशाचं म्हणता? बीपीचं. म्हणजे — बीपीचं आहे असं सांगायचं, असं इंदुमतीनं बजावलंय. ती आत वहिनींना पोहे देतेय, आमची अमृता न् तुमचा सारंग बोलतायत, सगळं नीट चाललंय, आणि मी इथं गॅलरीत — बसा, खुर्ची ओढून घ्या. बीपीचं नाही ते. डोक्याचं आहे. लिथियम.

तुम्ही पुण्याला, पण मुलगा इथं हिमायतनगरला कंप्युटरच्या ऑफिसात — उद्या कुणीतरी त्याच्या कानावर घालणारच, त्यापेक्षा मीच सांगतो. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हाही शिकवायचो. अमृता लहान असताना पहिल्यांदा झालं — आधी झोप उडाली, बडबड सुरू झाली, मग महिनेच्या महिने अंथरुणातून उठावंसं वाटेना. औषधानं बसलं सगळं. चांगली वर्षं गेली. मग एका एप्रिल महिन्यात हाच गुडघा सुजला. अंबरपेठेत कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणल्या, डॉक्टरांना विचारलं नाही — विचारायचं काय त्यात, सगळं जग खातं ती गोळी. त्यात जुलाब लागले, इथला उन्हाळा, अंगात पाणी राहिलं नाही. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, आणि वर्गात फळ्यासमोरच पडलो. पोरांना वाटलं मास्तर पिऊन आलेत. हेडमास्तरांनाही तेच वाटलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, म्हणाल्या, लिथियम फार साठलंय, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्यातून निभावलो, पण मनानं घाबरलो. जे औषध माणसाला असं आडवं करतं ते घ्यायचंच कशाला? इंदुमतीचा भाऊही म्हणाला, द्या सोडून, भाऊजी. दिलं सोडून. हेही डॉक्टरीणबाईंना न विचारता. थोडे दिवस इतकं हलकं वाटलं — हलकं कसलं, ते परत चढत होतं. एक दिवस बेगम बाजारात गेलो आणि अमृताच्या लग्नाची भांडी घेतली — पातेली, पराती, हंडे, बंडी भरून. ती नववीत होती. नववीत, मुकुंदराव. बंडीवाला दारात उभा, माल कुठं उतरवू विचारतोय, मी गल्लीत घरोघर आमंत्रणं देत फिरतोय — आणि ही पोर शाळेच्या कपड्यांत बाहेर आली. त्याला म्हणाली, "चाचा, नक्को. वापस लेके जाओ. हमारे बाबा की तबियत ठीक नहीं." सगळी गल्ली ऐकत होती. मग माझा हात धरून मला आत नेलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून डॉक्टरीणबाई सांगतात तसं. मनानं वाढवायचं नाही, मनानं सोडायचं नाही, सर्दीचंही काही घ्यायचं तर आधी विचारायचं, उलट्या-जुलाब झाले की लगेच कळवायचं, रक्त तपासून घ्यायचं. करतो. पण थकायला होतं हो. बरा असतो ना, तेव्हाच जास्त थकायला होतं — रोज गोळी गिळायची म्हणजे रोज आठवायचं, आपण कोण ते.

तुम्हाला काय विचारायचंय ते कळतं मला. पोरीत उतरतं का, हेच ना? डॉक्टरीणबाई म्हणतात, उतरू शकतं, पण बहुतेक मुलांत उतरत नाही. अमृता ठणठणीत आहे. बँकेत जाते, घर सांभाळते, कधी एक दिवस — पण ती जरा जास्त हसली ना, की मी तिच्याकडे बघत राहतो. बघायचं नसतं, तरी नजर जाते. आणि मी का बघतोय ते तिला कळतं. हसता हसता थांबते ती.

हे सांगायचं नव्हतं मला. इंदुमतीलासुद्धा कधी —

ऐकू आलं? अमृताच आहे. तुमच्या सारंगनं काहीतरी सांगितलं असेल. किती मोठ्यानं हसतेय बघा.

जा तुम्ही आत, मुकुंदराव. जा ना. मी आलो तर थांबेल ती. मी बसतो इथं.