सासरे, उशी आणि समोरची जागा

…अन् ती जागा जबलपुरात राहतच नाही ना, तुम्हाला सांगतो! पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, त्यात आधी स्कूटी घुसते, मग ऑटो, मग ऑटोच्या मागून सिलेंडरवाला… आणि आमची विभावरी, म्हणजे माझी बायको, दर वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलते, गाडी मागे राहू देते अन् शांतपणे म्हणते, "समोर जागा ठेवायची."

तिच्या ऑफिसात सुरक्षित ड्रायव्हिंगचं ट्रेनिंग झालं, तेव्हापासून हे सुरू आहे. एरवी मी ऐकलं नसतं. पण त्या दिवशी सासऱ्यांना हृदयाच्या बायपास ऑपरेशननंतर घरी आणायचं होतं. नेपियर टाउनच्या दवाखान्यातून मदन महलला घरी, रस्ता केवढासा? पण डॉक्टरांनी बजावलेलं, छातीचं हाड अजून जुळून राहिलं आहे, धक्का बसता कामा नये, खोकला आला तर उशी छातीशी दाबून धरा. विभावरीनं किल्ली घेतली, मला म्हणाली, तुमचा पाय ब्रेकवर जोरात पडतो, तुम्ही मागे बाबांजवळ बसा. उशी घेऊन बसलो.

सासरे डोळे मिटून. मी घामाघूम. मागे एक जीपवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला, शेवटी बाजूला येऊन काच खाली करून म्हणतो, "काय बड्डे, बरात में चल रहे हो क्या?" बड्डे म्हणजे आमच्याकडे दादा, अन् मला म्हणतो हो, मी तर चालवतही नव्हतो! मी विभावरीला म्हटलं, अगं घे ना थोडी पुढे, लोक काय म्हणून राहिले… तर आरशात बघत, "समोर जागा ठेवायची. मागच्याला घाई असेल तर जास्तच."

पुढे डाव्या हाताला एक बस थांबलेली, तिच्या उजवीकडून रस्ता मोकळा. मी म्हटलं, चल आता, काढ. तर हिनं गाडी हळू केली. अजून हळू. मी म्हटलं, काहून? रस्ता रिकामा आहे!

"बसखाली बघा," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. बसच्या खालून, पलीकडच्या बाजूला, पाय दिसून राहिले होते. चपला घातलेले, घाईघाईनं पुढे जाणारे.

विभावरीनं धोक्याच्या चारी बत्त्या लावल्या अन् गाडी अशी थांबवली की सासऱ्यांची मानही हलली नाही. पण तो जीपवाला, त्याला काय दिसणार? तो उजवीकडून निघाला. हिनं खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला, पंजा उघडा, अन् बसच्या समोरून एक बाई धावत आली, कडेवर लेकरू, तोंड दुसरीकडे… जीपचे टायर किंचाळले. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती बाई जीपच्या बॉनेटवर एक हात टेकवून उभी होती. लेकरू रडत होतं. म्हणजे ठीक होतं. जीपवाला स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसलेला, हॉर्न बंद. मग ती बाई लेकराला सावरत पलीकडे गेली. विभावरीचा हात अजून बाहेरच होता, आत घ्यायचंच विसरली होती. तेव्हा कळलं, तीही घाबरली होती.

मग सासऱ्यांचा हळू आवाज आला, "जावईबापू, ती उशी माझी आहे."

बघतो तर उशी मी माझ्याच छातीशी दाबून धरलेली.

घरी पोचलो. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नाही, त्या दिवशीही नाही दिली. पलंगावर टेकले अन् एवढंच म्हणाले, "पुढच्या तपासणीलाही विभाच चालवेल." तेव्हापासून बँकेत जा, सदरच्या बाजारात जा, लग्नाला जा, तीच चालवते, अन् मी मागे. पुढची सीट? तिथे आता सासरे बसतात… बरे झाले ना! मीही म्हणतो, चलो, जीव तर सलामत आहे, फक्त एसीची हवा मागपर्यंत येत नाही.