एकशे चाळीस नंबरचे तेल आणि भावोजींचा शर्ट

नाव: वर नोंदवले आहे, ओळखीतले सगळे 'लिटर' म्हणतात. वय: बावीस. शिक्षण: मेकॅनिकल इंजिनिअरिंग, दुसऱ्या वर्षात सोडले. धंदा: काकांच्या इंजिन ऑइल व स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर, आज सकाळपर्यंत. पत्ता: त्याच दुकानाच्या माळ्यावरची खोली, तीही आज सकाळपर्यंत. पुढचा पत्ता ठरला की कळवीन.

ठाण्यात हजर राहून सांगतो की, जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी एका मुलीच्या गाडीत चुकीचे तेल घालून इंजिन घालवले आणि नंतर विक्रेत्याला त्याच्याच आवारात मारहाण केली, असे त्याचे म्हणणे आहे. यातले पहिले साफ खोटे आहे. दुसरे कसे झाले ते पुढे येईल. सुरुवातीला हवालदार साहेबच लिहीत होते. तेलाचे नंबर सुरू झाले तसा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तूच लिही बाबा. सोपं लिही, पाल्हाळ लावू नकोस." म्हणून हा जबाब माझ्या अक्षरात आहे.

सदर मुलगी घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेण्याचे काम करते. दुकानात आम्ही तिला 'सुई' म्हणतो. तोंडावर नाही. तिची माझी ओळख लॅबमध्ये झाली. तब्येत ठणठणीत असताना मी साखर, थायरॉइड आणि व्हिटॅमिन तपासून घेतले आहे. साहेबांनी कारण विचारले. कारण या प्रकरणाशी संबंधित नाही.

तक्रारदार हा तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ती त्याला भावोजी म्हणते, म्हणून मीही तसेच लिहितो. माझा तो कोणी लागत नाही, हे नशीब. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. सुईला स्कूटरवरून भर उन्हात रक्ताचे नमुने नेणे अवघड जात होते, तेव्हा त्याने तिला एक जुनी पेट्रोल गाडी विकली. "घरच्या माणसाला फसवून मी जाऊ कुठे?" हे त्याचे शब्द. तिनेच मला सांगितले, अभिमानाने.

मागच्या महिन्यात ती गाडी घेऊन दुकानात आली. तेल बदलायचे होते. शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाडीत जाते तेच हवे म्हणाली, सगळ्यात महाग, पाण्यासारखे पातळ. काका डबा काढायलाही वळले. मी म्हणालो, "ते नको. ते घातलंस तर तुझी गाडी पिऊन टाकेल."

"गाडी पिते?"

"वय झालं की पिते."

"आणि तू?"

काकांनी खाकरले. मी कामाचे बोलायला लागलो.

तेलाचे असे आहे. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो, थंड असताना तेल किती चटकन धावते. दुसरा सांगतो, तापल्यावर त्यात किती जाडी उरते. नव्या इंजिनात फटी केसाएवढ्या, तिथे पातळ तेल लागते. जुन्या इंजिनाच्या फटी झिजून रुंद झालेल्या असतात, तिथे पातळ तेल टिकत नाही; निम्मे गळते, निम्मे धूर होऊन जाते. पण म्हणून उगाच जाडही घालायचे नाही. फार जाड तेल सकाळी वरपर्यंत पोचतच नाही आणि तोवर वरचे भाग कोरडे घासतात. कंपनीने त्या गाडीसाठी जे सांगितले ते पाहायचे, गाडी किती चालली ते पाहायचे, मग ठरवायचे. या गाडीला वीस-डब्ल्यू-पन्नास सांगितलेले होते. मी तेच काढले. (साहेबांनी इथे मध्येच त्यांच्या गाडीला कोणते चालेल ते विचारले. मॉडेल ऐकून तेही हेच सांगितले.)

दुकानामागच्या जागेत मी गाडी वर घेतली आणि खालचा बोल्ट काढला. इंजिन गरम होते. गरम तेल भसकन पडते. हे पडेना. मधासारखे लोंबत राहिले, आणि त्याच्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास सुटला. इंजिनाच्या तेलाला असा वास येत नाही. गिअरच्या तेलाला येतो. ते एकशे चाळीस नंबरचे गिअर ऑइल होते, अवजड गाड्यांच्या मागच्या चाकांच्या दांड्यात घालतात ते. बोटावर घेतले तर त्यात धातूची चमकी होती. इंजिनाचे बेअरिंग झिजून तेलात उतरले होते.

असले तेल इंजिनात चुकून पडत नाही. इंजिन आतून खिळखिळे झाले, खडखड करायला लागले, की विकण्यापूर्वी ते घालतात. आवाज दबतो, धूरही काही दिवस दबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. आजाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबून त्याला बरे वाटतेय म्हणण्यासारखे हे आहे.

मी बरोबर तेल घातले. गाडी सुरू केली आणि खडखडाट बाहेर आला. मागून निळा धूर. सुई जवळच उभी होती.

"काय घातलंस तू? माझी गाडी लोण्यासारखी चालत होती."

मी समजावले. ती ऐकत नव्हती. तिने भावोजींना फोन केला. ते लगेच आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या दुकानासमोर म्हणाले, "कॉलेज घालवलं, आता इंजिनं पण घालवतोय." काका हसले. गिऱ्हाईकेही हसली. सुई हसली नाही, पण त्यांच्याच गाडीत बसून गेली.

त्या संध्याकाळी मी काकांना विचारले की एकशे चाळीस नंबर आपल्याकडून कोण नेते. काका पावडरने हात धूत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक काय कशात घालतं ते आपण विचारायचं नसतं." मी म्हणालो, "भावोजी नेतात ना? त्यांच्याकडे अवजड गाडी एकही नाही." ते म्हणाले, "म्हणूनच विचारायचं नसतं." याचा अर्थ त्यांना सगळे माहीत होते. त्या रात्री मी त्यांच्या घरचे जेवलो नाही. पुढेही जेवलो नाही.

काढलेले तेल मी एका कॅनमध्ये ठेवले होते. ते आज ठाण्यात जमा केले आहे. साहेबांनी वास घेऊन लगेच झाकण लावले.

नंतर सुई एकटी दुकानात आली. मी कॅनचे झाकण काढून तिच्यापुढे धरले. तिने वास घेतला, बोट बुडवून चमकी पाहिली. मग म्हणाली, "तू खरं बोलत होतास. मी चुकले." एवढे ऐकायला मी किती दिवस थांबलो होतो ते लिहीत नाही.

मग ती म्हणाली, "एक काम करशील? हेच परत घाल."

मला वाटले ती थट्टा करतेय.

"मला गिऱ्हाईक मिळालंय. ते आजोबा नाहीत का, ज्यांच्या बायकोचं रक्त घ्यायला मी दर आठवड्याला जाते? त्यांना तिला दवाखान्यात न्यायला गाडी हवीय. एक चक्कर मारून बघणार आहेत. तेवढ्यापुरता आवाज नको यायला."

मी म्हणालो, "अगं, ती बाई आजारी आहे. रस्त्यात इंजिन जाम झालं म्हणजे?"

"मग मी काय करू? भावोजींवर तक्रार केली तर ताईचं घर मोडेल. गाडी ठेवली तर मी बुडेन. मला फसवलं तेव्हा माझ्या बाजूने कोण बोललं होतं?"

"मी बोललो होतो."

"मग आताही माझ्याच बाजूने राहा."

मी नाही म्हणालो. त्यावर ती जे बोलली ते खाजगी असल्याने लिहीत नाही. ती गेल्यावर मी हात धुतले. तेलात माझे हात रोज असतात, त्याची मला कधी किळस आली नाही. त्या दिवशी आली, आणि धुऊन गेली नाही.

काल दुपारी मी विक्रेत्याच्या आवारात गेलो. आजोबा गाडी बघायला येणार हे दुकानात ऐकले होते, मला बोलावले नव्हते. गाडी धुऊन पुसून उभी होती, इंजिन चालू होते, आवाज नव्हता. म्हणजे भावोजींनी ते काम स्वतःच उरकले होते. आजोबा बाहेर उभे होते. मागच्या सीटवर त्यांनी घरून आणलेली एक उशी ठेवली होती, बायकोच्या पाठीला. सुई त्यांना पट्टा कसा लावायचा ते दाखवत होती. मला पाहून तिने पट्टा सोडला.

भावोजी म्हणाले, "या इंजिनिअर. आज काय बिघडवायचंय?"

मी खिडकीतून किल्ली फिरवून इंजिन बंद केले, उघड्या बॉनेटपाशी गेलो, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) ओढून काढली आणि आजोबांपुढे धरली. "आजोबा, वास घ्या."

त्यांनी घेतला. "हा कसला रे वास, बाळा?"

"गिअरच्या तेलाचा. इंजिन गेलेलं आहे. आवाज दाबायला घातलंय. चार दिवस चालेल, मग रस्त्यात बसेल."

"मूर्ख आहे हो हा, आमच्या मेव्हणीच्या मागे लागलाय," असे म्हणत भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मी डिपस्टिक त्यांच्या शर्टावर पुसली. डिपस्टिक दोन्ही बाजूंनी पुसायची असते, म्हणून दोनदा. त्यांनी मला थोबाडीत मारली. मी त्यांना ढकलले. ते खाली बसले. बसले तिथे तेलाचा ट्रे होता. ट्रे मी ठेवलेला नव्हता. मारहाण म्हणतात ती एवढीच, आणि ढकलल्याचे मी नाकारत नाही.

आजोबा या सगळ्याकडे पाहतच नव्हते. ते सुईकडे पाहत होते. "पोरी, तुला माहीत होतं?"

आजोबांनी मागचे दार उघडले, उशी काढली, काखेत धरली आणि चालत निघून गेले. ते वळणाआड गेल्यावर सुई मला म्हणाली, "झालं तुझं समाधान?" झाले नव्हते. अजून झालेले नाही.

आज सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात काका भेटले. म्हणाले, "लिहून टाक, जाड तेल चुकून तूच घातलंस. ते तक्रार मागे घेतील. दुकानाचं नाव निघणार नाही. पोरीची नोकरी राहील. त्या आजोबांनी लॅबमध्ये सांगितलं तर तिचं काय होईल, विचार केलास?" मग काका म्हणाले, "आणि ती म्हणालीय, असं लिहिलंस तर ती तुझ्याशी बोलेल."

मी विचारले, "ती स्वतः म्हणाली?"

"स्वतः. माझ्यासमोर."

मी बाकावर बसलो. मध्ये एकदा पाणी प्यायला उठलो, परत बसलो. काकांना घाई होती, दुकान उघडायचे होते. म्हणाले, "नाहीतर खोलीची किल्ली दे." मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि आत आलो.

तरी माझे म्हणणे असे की, त्या गाडीत मी घातलेले वीस-डब्ल्यू-पन्नास हेच बरोबर तेल होते. माझ्याकडून चूक झाली नाही, आणि झाली असे मी कुणासाठीही लिहून देणार नाही. ती गाडी पुन्हा माझ्यासमोर आली तर मी पुन्हा तेच घालीन. मग ती कितीही खडखडू दे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आणि खरा आहे. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ लिहून मी खोडली आहे, ती त्यांनी वाचली नाही. ती गाडीबद्दल नव्हती. खाडाखोडीपाशी माझी सही आहे.