ओळखीच्या माणसांची वही

मंडळी, कीर्तनाला उभं राहण्याआधी एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. एखादा माणूस आपल्या ओळखीचा असतो — तो कशासाठी?

ऐका. बार्शीत कुमुदिनी तोडकर नावाची बाई होती, शिवणकाम करायची. ती एका साखळी पद्धतीच्या कंपनीत शिरली. म्हणजे काय? टॉनिकची पावडर विकायची, आणि विकणारी आणखी माणसं आपल्या खाली जोडायची. तिच्या वर होते हावळे सर. तिथं सगळेच सर असतात, विद्यार्थी कुणीच नाही.

सर म्हणाले, "ताई, वहीत ओळखीच्यांची नावं लिहा. नावापुढं ज्याची त्याची अडचण लिहा. अडचण कळली की माणूस जोडला."

लिहिली. नणंद — गुडघे दुखतात. दूधवाला — पोराला नोकरी नाही. अहो आमचे पेटीवाले बुवा, हसू नका. तुमचंही नाव कुणाच्या तरी वहीत असेल.

तेरावं नाव शेजारच्या रत्नमालाचं. वीस वर्षांपासूनची मैत्रीण. कुमुद तिला पावडर दाखवायला गेली आणि वही तिथंच विसरून आली.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला वही घेऊन दारात उभी. आत येईना.

"ये ना गं, चहा टाकते."

"नको. वही द्यायला आले."

"वाचलीस?"

"माझं नाव दिसलं म्हणून वाचलं. 'मूलबाळ नाही, एकटी असते, लगेच हो म्हणेल.' खोटं काहीच नाही. पण कुमुद, वीस वर्षांत माझ्या नावापुढं लिहायला तुला एवढंच सापडलं?"

आणि गेली. भांडली असती तर बरं, भांडणाला उत्तर देता येतं.

कुमुद शिलाई मशीनवर येऊन बसली. ते मशीन कुणाचं? रत्नमालाच्या सासूचं, रत्नमालानंच दिलेलं. कुमुदनं ती ओळ खोडली, लिहिलं — 'हिच्या मशीनवर माझं घर चालतं.' मग वरच्या ओळी. नणंद — 'बाळंतपणात सव्वा महिना राहिली.' दूधवाला — 'हे ॲडमिट होते तेव्हा रोज दवाखान्यात दूध पोचवलं.' काहींपुढं आठवेना. तिथं कोरं सोडलं.

रविवारी सरांनी वही पाहिली. "ताई, यात अडचणी कुठायत? तुमच्या खाली येणार कोण?"

"सर, हे माझ्या खालीच आहेत. यांच्याच आधारावर मी उभी आहे."

पावडर परत केली आणि थेट रत्नमालाकडं गेली. वही उघडून पुढं धरली. रत्नमालानं आपली ओळ वाचली. दोनदा वाचली.

"मशीनला तेल घालतेस ना वेळच्या वेळी?" म्हणाली, आणि चहा टाकला.

मंडळी, कंपनी चांगली की वाईट, तो निवाडा मी करत नाही. पण अशी वही तुमच्याही डोक्यात आहे. शेजारी बसलेल्याकडं बघा. त्याच्या नावापुढं काय लिहिलंय? खोडायचं असेल ते आत्ता खोडा. मी थांबतो. देवाचं नाव त्यानंतर घेऊ.