टर्बो की सुपर, वहिनी?

...आणि वर मलाच विचारतात, "तुला काय वाटतं?" आता मला काय वाटणार हो! तीस वर्षांत पडद्याचा रंग मला विचारून घेतला नाही, लेकीचं नाव सासूबाईंनी ठेवलं, घराचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडणार हेसुद्धा भाऊजींनी ठरवलं, आणि आता एकदम थेट इंजिनात माझं मत! "टर्बो बसवू की सुपरचार्जर?" म्हणे. मी भाजी चिरत होते, सुरी हातात तशीच राहिली. पण मी काही बोलले का? नाही बोलले! बोलणार कशी? सकाळचे दहा वाजलेले, आणि बारापर्यंत माझं मौन.

हसू नका. सांगते.

आमची गाडी बावीस वर्षांची. सपाट रस्त्यावर काही म्हणून तक्रार नाही, गुणी आहे. पण लेक राहायला गेली टेकडीवर, अगदी माथ्यावर, आणि त्या चढाच्या तिसऱ्या वळणावर गाडी अशी धापा टाकते, अशी धापा टाकते, की मागचे लोक हॉर्न वाजवायचे सोडून कीव करतात! मग हे आरशात न बघता म्हणतात, "अगं, तू जरा उतरतेस का?" उतरते मी. आणि मी उतरले की गाडी जी निघते... जणू दोन पोती उतरवली! माणसाचा काही मान? मी आपली डबा सांभाळत मागून चालत. पुढच्या वळणावर तिला पुन्हा धाप, आणि खरं सांगू, बऱ्याचदा मीच आधी पोचते.

एरवी चाललं असतं. पण लेकीला नववा महिना. जावई तीन पाळ्यांत कामाला, कधी घरी, कधी नाही. लेक म्हणाली, "आई, मी फोन केला की येशील ना गं वेळेवर?" आणि मी मेली म्हणून बसले, "वीस मिनिटांत दारात!" कशाच्या जोरावर? त्या गाडीच्या? यांना म्हटलं, वेळ आली की टॅक्सी करू. तर हे असे बघायला लागले, जणू मी यांनाच विकायला काढलंय. "घरात गाडी असताना टॅक्सी?"

मग मी देवापुढे बसले. आता अडचण अशी की देवाला द्यायला माझ्याकडे फारसं उरलेलं नाही. चहातली साखर जावयाच्या नोकरीसाठी सोडली. तळलेलं यांच्या रक्तदाबासाठी सोडलं, म्हणजे खातात हे, सोडलंय मी. दुपारची झोप लेकीचं घर व्हावं म्हणून गेली. राहिलं काय? बोलणं! म्हटलं, देवा, गाडी तो चढ चढेपर्यंत रोज उठल्यापासून बारा वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. यांना कळल्यावर चेहरा असा उजळला! "चढ चढल्यावर बंदच करायला हवं का गं हे?" मी काही बोलले का? नाही बोलले! पण त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्त पडलं.

तर हे आणि भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे बंधू, दोघे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेले. आता हे एक म्हणाले की भाऊजी दुसरं म्हणणारच. यांचा टर्बो, म्हणून भाऊजींचा सुपर. हे सांगत होते, "इंजिनातून गरम धूर बाहेर जातो ना, वाया? त्याच्याच जोरावर एक चक्र फिरवायचं, आणि त्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. फुकटात ताकद!" भाऊजी म्हणाले, "फुकटात, पण कधी? पाय दाबल्यावर धूर जमणार, चक्र फिरणार, तोवर गाडी वळणावर झोपणार. त्यापेक्षा सुपर! थेट इंजिनालाच पट्ट्यानं बांधलेलं, वहिनींच्या शिवणयंत्रासारखं. पाय दाबला की हवा हजर!" "हजर, पण ताकद कुणाची खाऊन? इंजिनाचीच ना?" आणि मग दोघं एकदम माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही सांगा!" "अगं, तू सांग!"

तुम्हाला सांगते, मला इतकं लख्ख कळलं होतं! टर्बो म्हणजे आमचे हे. "अहो, तेवढा गॅसचा सिलेंडर बदलता का?" म्हटलं की "हो" येतो, मग काही नाही... पेपरचं पान उलटतं... मग काही नाही... आणि माझा सिलेंडर बदलून, वर चहा टाकून झाला की वादळासारखे उठतात, "कुठाय सिलेंडर?" आणि सुपर म्हणजे मी! कुणी नुसतं खोकलं की पाण्याचा पेला घेऊन हजर, आणि संध्याकाळी गुडघे धरून बसायचं, कारण खर्च झालेली ताकद माझीच! इतकं सुंदर सुचलं होतं, जिभेवर आलेलं, पण घड्याळात सव्वादहा! आणि बाराला बोलायला तोंड उघडलं तर दोघे जेवून आडवे.

शेवटी ठरलं की गॅरेजच्या मिस्त्रींनी दोन्ही वस्तू मागवायच्या, बघायच्या, एक ठेवायची. गाडी गॅरेजमध्ये गेली. आणि पुढच्या सोमवारी सकाळी हे आणि भाऊजी कसलासा पट्टा शोधायला बाजारात गेलेले, यांचा फोन घरातच, आणि तो वाजला. मिस्त्री. उचलला मी, सवयीनं.

"साहेब?"

मी गप्प.

"वहिनी का? वहिनी, दोन्ही माल आलाय. माणूस बाराच्या आत एक परत न्यायला येतोय. टर्बो ठेवू की सुपर?"

आता काय करू? हुंकार दिला. हुंकार म्हणजे काही शब्द नव्हे, देवाला चालत असावा. "हं."

"म्हणजे टर्बो?"

"हं..."

"की सुपर?"

"हं!"

"दोन्ही?"

मग मी चमचा घेतला. टर्बोला एकदा वाजवायचं, सुपरला दोनदा, असं मनाशी ठरवलं, आणि फोनपाशी ताटावर दोनदा वाजवला. कारण म्हटलं, लेकीचा फोन आल्यावर धूर जमायची वाट बघायला वेळ कुठाय? पण ठरवलं होतं माझ्या मनाशी, मिस्त्रींना कोण सांगणार! म्हणाले, "वहिनी, घरात काम काढलंय वाटतं. ठेवतो."

पायांत चपला घातल्या आणि निघाले गॅरेजला. लिहून द्यायला कागद घेतला, पेन घेतलं, आणि चष्मा घरी! मग खुणा. मी शिवणयंत्राचं पायडल मारल्यासारखे पाय हलवले. मिस्त्री म्हणाले, "पाय दुखतात?" मी यांच्यासारखी स्टुलावर निवांत बसले, पेपर उलटल्यासारखं केलं, मग एकदम ताडकन उठले आणि जोरजोरात मान हलवली, की हे नको, हे नको! मिस्त्री घाबरले. "साहेबांना कंबरेत उसण भरली का?"

मी हात टेकले. बसले तशीच. आणि बघा हं, मी गप्प बसलेली बघून मिस्त्रीही समोर बसले, हात पुसत पुसत, आणि बोलायलाच लागले! "वहिनी, खरं सांगू का? आठ दिवस झाले, सांगायचं म्हणतोय, पण साहेब आणि धाकटे साहेब बोलायला जागाच ठेवत नाहीत. तुमच्या घरातलं ऐकून घेणारं पहिलं माणूस आज भेटलं." मी! ऐकून घेणारं! लेक असती तर हसून बाळंत झाली असती.

"हे म्हातारं इंजिन आहे, वहिनी. टर्बो बसवा नाहीतर सुपर बसवा, हवा कोंबली की दोन दिवस पळेल आणि तिसऱ्या दिवशी गॅस्केट उडवून रस्त्यात बसेल. आणि हवा बाहेरून कोंबायची कशाला? हिचं नाकच चोंदलंय! हा हवेचा फिल्टर बघा, गोधडी झालीय त्याची. आणि हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, मागचा ब्रेक पुरता सुटतच नाही. तुम्ही इतकी वर्षं ब्रेक लावून डोंगर चढताय!"

आणि मी इतकी वर्षं स्वतःच्या वजनाला दोष देतेय! दोनदा भात सोडला होता हो मी त्या वळणासाठी!

"करू का एवढंच?" मिस्त्री म्हणाले. मी मान हलवली. माल न्यायला आलेल्या माणसानं दोन्ही वस्तू आल्या तशा परत नेल्या. फिल्टर नवा बसला, केबल नवी पडली, चाक परत चढलं, आणि बाराला वीस मिनिटं असताना माझा फोन वाजला. लेक.

"आई... पोटात दुखतंय गं. हे कामावर आहेत. आई? आई, बोल ना!"

काय करणार होते मी, सांगा! "निघाले, बाळा!" असा आवाज निघाला की मिस्त्रींच्या हातातला पाना पडला. देवाची माफी गाडीत बसल्यावर मागितली. मिस्त्रीच चालवत होते. पहिलं वळण, दुसरं वळण, तिसऱ्याला माझा हात आपोआप दाराच्या कडीवर... आणि गाडी गेली की वर! सरळ! मी रडतेय, मिस्त्री विचारतायत, "वहिनी, आता तुम्हालाही दुखतंय का?"

अकरा मिनिटांत दारात. तिथून इस्पितळ. चार वाजता नात झाली. काळ्याभोर जावळाची, आणि आवाज... जाऊ दे, आवाज माझ्यावर गेलाय.

साडेचारला हे आणि भाऊजी धावत आले. नातीला बघून डोळे पुसले, आणि लगेच दोघं बाहेर मिस्त्रींकडे, "चढली? एका दमात? काय बसवलंत शेवटी?" मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मिस्त्री म्हणाले, "वहिनींनी सांगितलं तेच केलं. आणि महिनाभर बॉनेट उघडायचं नाही." हे म्हणाले, "म्हणजे टर्बो! बायको कुणाची आहे!" आणि भाऊजी मला हळूच, "थँक्यू, वहिनी. सुपरच बसणार, माहीत होतं मला." मी काही बोलले का? नाही बोलले! खोटं बोलायचं नाही हा माझा नेमच आहे, पण खरं बोलायचंच, असं मी देवाला कुठे कबूल केलंय?

आता महिना संपत आलाय. आणि आज लेकीचे सासरे आले, त्यांची गाडी आमच्याहून चार वर्षांनी मोठी, चढाला रडणारी. हे म्हणाले, "टर्बो बसवा." भाऊजी म्हणाले, "सुपर बसवा." झालं! मग तिघंही माझ्याकडे वळले. व्याही तर अगदी हात जोडून, "वहिनी, तुम्ही पारखलंय, तुम्हीच सांगा. आमच्यात काय बसवू?" गाडी चढली तेव्हाच नवस फिटला, आता मौनाचा आडोसाही नाही. मांडीवर नात. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "शूऽऽ! बाळ झोपलंय."

तिघेही चवड्यांवर बाहेर गेले. दाराआड उभे आहेत अजून, बोलावलं की यायला तयार. मी थोपटतेय आपली... पण तुम्हीच सांगा, बाळ झालं तरी ते झोपून झोपून किती झोपणार?