दोन चिंध्यांची सफाई

कांबळे आज चहाला नाही ना? मग सांगतो.

मीरा रोडच्या एका बँकेत आम्ही दोघे बंदूकवाले गार्ड. कांबळे परभणीचा, कामाला लागून आठच दिवस झालेले. त्या दिवशी आमच्या सिक्युरिटी एजन्सीचे साहेब रायफली तपासायला येणार होते. नळीत काजळी दिसली की सरळ घरी पाठवतात, असं त्याने कुठून तरी ऐकलेलं.

"काका, साफसफाईच्या दोरीला चिंध्या किती लावू वो?"

"एक चिंधी म्हणजे गरिबाची सफाई. दोन लाव, नळीत तोंड बघशील."

बिचाऱ्याने लावल्या. रिकाम्या रायफलीत मागून दोरी सोडली, पुढून ओढली, आणि बोळा बरोबर मधोमध अडकला. मी रायफल पोटाशी घट्ट धरलेली, तो घाम गाळत दोरी ओढतोय, आणि पासबुक छापायला आलेल्या बायका दारातून बघतायत. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी नळीला डोळा लावला.

"आत अंधार कसा काय?"

कांबळे रडकुंडीला आला. "साहेब, या काकानं दोन लावाय सांगितल्या. माझी नोकरी घालवू नका."

साहेबांनी नळीत तेल सोडलं, दोरी मनगटाला गुंडाळली आणि एका हिसक्यात बोळा बाहेर काढला.

"नोकरी कुठे जात नाही तुझी. मी नवीन गार्ड होतो तेव्हा या म्हाताऱ्याने मला तीन लावायला सांगितल्या होत्या."

मी म्हटलं, "साहेब, आता वय झालं. दोनवरच भागवतो."